कोऱ्या शिळेवरचा पहिला शब्द

चपला खाली काढा आणि मगच कातळावर या. ही नदीकाठची शिळा बघा. आजूबाजूला सगळा काळा कातळ आणि मधोमध एवढीच एक शिळा फिकट, खरवसाच्या रंगाची. हिला पांढरी म्हणू नका. आमच्या मागवडी गावात हिला कोरी शिळा म्हणतात, कारण न रंगवलेल्या कोऱ्या सुताचा रंग नेमका हाच असतो. मागावर नवं लुगडं चढवण्याआधी रंगवलेल्या सुताच्या लडी इथे आणून मांडतात आणि कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग जाईल ते इथेच ठरतं. गेल्या महिन्यात एक पाहुणा हिच्यावर उभा राहून फोटो काढत होता. त्याला मी काठी दाखवली.

पूर्वी ही शिळाही काळीच होती, असं सांगतात. तेव्हा गावात चाळीस घरं, सगळी साळ्यांची आणि रंगाऱ्यांची. रंग जुळवायचं काम भिवरा नावाच्या रंगारणीकडे होतं. तिची रीत साधी होती. आधी कोरं कापड अंथरायचं. त्यावर एक रंग भरपूर घ्यायचा, दुसरा त्याला सांभाळून घेणारा, आणि तिसरा बोटभरच. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, आल नावाच्या झाडाच्या मुळीचा तांबडा, पातळ निळीचा निळा. कोऱ्यात थोडा पिवळेपणा असतो, थोडी लाली असते, त्यामुळे प्रत्येक रंगाला त्यात आपलं माणूस सापडतं, असं ती म्हणायची म्हणे.

त्या काळी इथे एक जहागीरदार होता. त्याचं नाव आम्ही घेत नाही, तुम्हीही विचारू नका. कोरा म्हणजे गरिबाचा, मळका रंग, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं बंदरावरून डोळे दिपवणारं पांढरंशुभ्र सूत मागवलं आणि देवीचं लुगडं यावरच विणा म्हणून हुकूम सोडला. भिवरानं त्या पांढऱ्यावर लडी मांडल्या. तांबडा भडकला, पिवळा कावीळ झाल्यासारखा दिसला, निळा काळवंडला. जहागीरदार बघायला आला तेव्हा तिनं तोंडावर सांगितलं, "हे रंग एकमेकांच्या उरावर बसल्यात, सरकार. कोऱ्या सुतावर घ्या, गुण्यागोविंदानं नांदत्याल."

जहागीरदारानं गावाकडे वळून विचारलं, कसं दिसतं? पहिला शब्द सोनबाचा. तो साळ्यांचा चौधरी, म्हणजे पुढारी, आणि भिवराचा नवरा. त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हतं असं नाही. तो म्हणाला, "छान हाय, सरकार." मग काय, चाळीसही घरं ओळीनं छान म्हणाली.

"म्हणजे ही एकटीच खोटी," जहागीरदार म्हणाला. वैशाख होता. त्यानं तिला या कातळावर अनवाणी उभं केलं आणि शिपायाला सांगितलं, ही स्वतः 'छान' म्हणाली की उतरव. नाहीतर गावातल्या एकानं जरी येऊन हिचं खरं आहे म्हटलं, तरी सोडून दे.

एकानं. मी हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. चाळीस घरांतून एका माणसानं दोन पावलं पुढे यायचं होतं. कुणी आलं नाही असंही नाही. बायका ताक घेऊन आल्या, म्हातारे घोंगडी घेऊन आले, आणि मेल्यांनी तिच्या कानाशी लागून सांगितलं, भिवरा, तुझंच खरं आहे, पण म्हणून टाक. तिनं ताक घेतलं नाही, घोंगडीही घेतली नाही. शिपायाकडे बोट दाखवून ती प्रत्येकाला एवढंच म्हणायची, "माझ्या कानात नगं. तिकडं बोल." मग जो तो भांडं उचलून घरी जायचा.

तिसऱ्या दिवशी सोनबा आला. "म्हण की एकदा. तुझं काय जातंय?"

"म्हणते," ती म्हणाली. "आधी तुमी म्हणा. माझ्याकडं बघून."

त्यानं मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला दिसलं म्हणे, तिच्या तळव्यांखालचा कातळ फिकट होत चालला होता. काळेपणा ओसरत ओसरत कडेला गेला. तिच्या ओच्यातल्या लडी खाली पडल्या, तांबडी, पिवळी, निळी, आणि त्या फिकट दगडावर अशा शेजारी बसल्या की आंधळ्यालाही कळावं. त्यांच्याच बाजूला भिवरा कोसळली. सोनबानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग त्याला कंठ फुटला. हिचं खरं आहे, हिचं खरं आहे, असा तो ओरडत सुटला.

शिपाई म्हणाला, "मग घेऊन जा. आम्ही कुठं अडवलं होतं?"

तिच्यात तेव्हा जीव नव्हता.

जहागीरदाराचं पुढे काय झालं, असं सगळे विचारतात. काही झालं नाही. अंथरुणात सुखानं मेला म्हणे. खरं सांगू, मला त्याचा राग कमी येतो. त्यानं सुटकेची वाट उघडी ठेवली होती, ती आमच्याच लोकांनी बंद केली.

आजही या शिळेवर 'छान' हा शब्द उच्चारत नाहीत. लडी मांडल्या की पहिला शब्द चौधऱ्यांच्या घरानं बोलायचा, आणि जे खटकेल ते मोठ्यानं, चारचौघांत सांगायचं. सध्या तो मान माझ्याकडे आहे. मी सोनबाच्याच घरातला. परवा माझ्या सुनेनं मांडलेल्या लडी मी दोनदा परत पाठवल्या, गावासमोर. ती रडली, घरात दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. न बोलू देत. आमच्या घरानं गोड बोलून एकदा माणूस मारलं आहे.