भरड्याची मूठ

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा निरोप घोड्याच्या पायांनी जायचे आणि निरोप्या किती चांगला हे त्याच्या धुळीवरून कळायचं. एका राज्यात असा एक स्वार होता. आधी त्याची धूळ दिसे, मग टापा ऐकू येत, आणि लोक ‘आला, आला’ म्हणेपर्यंत तो वेस ओलांडून पार गेलेला असे. त्याच्या घोडीचं नाव वावटळ. तिला चाबूक ठाऊक नव्हता. त्यानं मान पुढे झुकवली की ती उधळलीच म्हणून समजा.

एकदा राजाचा खलिता घेऊन घाट उतरताना ऐन वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. स्वारानं लगाम खेचला, घोडीचा पाय घसरला आणि दोघंही दरडीवरून खाली गेली.

जीव वाचला, पण बाकी काय वाचलं? पायाचं हाड वाकडं जुळलं. खलिता उशिरा पोचला म्हणून चाकरी गेली, तिथं दुसरा स्वार आला. ज्या मुलीशी सुपारी फुटली होती, तिच्या बापानं साखरपुड्याचं लुगडं परत पाठवलं आणि पोरीचं लग्न पलीकडच्या गावी लावून दिलं. वावटळीला माणसांनी पागेत नेऊन बांधलं, पण ती कुणाला जवळ येऊ देईना.

स्वाराला आईबाप नव्हते. विधवा आत्या होती, तिनं त्याला घरी आणलं. तो दिवसभर ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसे. टापा वाजल्या की मान आपोआप पुढे झुके. मग तो जिभेवर काही कडू आल्यासारखं तोंड करी आणि म्हणे, “चढाला किती पळवतोय जनावराला!”

एके दिवशी पागेचा नाईक आला. म्हणाला, “तुझी घोडी चंदीला तोंड लावत नाही रे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालीय. खात नाही, कामाची नाही. अवसेला रानात सोडून द्यायचा हुकूम आहे. तू एकदा येऊन बघ.”

“या पायानं?” स्वार म्हणाला. “पाय बरा होऊ दे. मी येईन तो तिच्या पाठीवर बसायलाच येईन.”

नाईक मान हलवत गेला. आत्या आतून ऐकत होती. ती म्हणाली, “आणि पाय असाच राहिला तर?”

“तर काही नको मला. पाय, चाकरी, घोडी, ती... होतं तस्सं सगळं परत हवं. त्यात एक कमी असेल तर बाकीचंही नको.”

“बरं बाबा. मग बस वाट बघत. बसल्या बसल्या एवढी हरभऱ्याची डाळ दळ. हात तर धड आहेत ना?”

स्वार रागारागानं जात्याशी बसला. धीर त्याच्या रक्तातच नव्हता. पाटीतली डाळ ओंजळी भरभरून त्यानं जात्याच्या तोंडात कोंबली आणि खुंटा गरागरा फिरवला. वरची पाळ उचलली गेली. खाली पीठ पडेना, पडला जाडाभरडा चुरा.

“अरे, जातं आहे की विहीर?” आत्या ओरडली. “मूठमूठ घालायची असते. या भरड्याचं पिठलं काय तुझ्या सासऱ्याला वाढू?”

बोलली आणि तिनं जीभ चावली. सासरा कुठला उरला होता!

स्वारानं खुंटा सोडला. चुऱ्यात हात तसाच ठेवून बसून राहिला. जात्याची ऊब त्या भरड्याला लागली होती आणि त्याचा खमंग वास येत होता. हा वास त्याच्या ओळखीचा होता. रोज पहाटे याच वासाचा ओला श्वास त्याच्या तळहातावर पडायचा. मऊ ओठ बोटांच्या बेचक्यांतून शेवटचा कण शोधायचे.

“आत्या,” तो हळूच म्हणाला, “यातला मूठभर नेऊ?”

“ने की,” आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसत बसली.

उपरण्याच्या टोकाला भरडा बांधून तो काठी टेकत निघाला. जी वेस तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ओलांडायचा, तिथं पोचायला ऊन कललं. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, “काय रे, आज धूळ नाही उडवलीस?”

“आज तुमचं तोंड बघायचं होतं, काका. धुळीत कधी दिसलंच नाही.”

म्हातारा मनापासून हसला आणि सरकून त्याला टेकायला जागा दिली.

पागेत वावटळ कोपऱ्यात उभी होती. काठीचा आवाज ऐकून बिथरली. स्वारानं काठी टाकली. उभं राहवेना म्हणून तो जमिनीवरच बसला आणि तळहात पसरला. घोडी बराच वेळ बघत राहिली. मग पुढे आली. तेव्हा त्याला दिसलं, तीही पाय ओढत होती.

“तूसुद्धा का गं?” तो म्हणाला.

तिनं भरडा खाल्ला. शेवटचा कण बोटांच्या बेचक्यांत शोधला. स्वाराला हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. अवस आली तोवर घोडी चंदी खाऊ लागली होती. धावणं तिच्या नशिबी उरलं नव्हतं, म्हणून नाईकानं तिला स्वाराच्याच हाती दिलं.

राजाचे निरोप घाईचे. पण गावात बिनघाईचे निरोप किती तरी असतात, आणि ते न्यायला कुणी नसतं. आयांचे लेकींना, बहिणींचे भावांना. ते घेऊन स्वार आणि वावटळ पायी पायी गावोगाव जाऊ लागले. चढाला तो तिच्या पाठीवर हात टेकी, उताराला ती त्याच्या चालीनं चाले.

एकदा एका दारातून हाक आली. साखरपुडा मोडला होता, तेच दार. मुलीची आई मान खाली घालून म्हणाली, “लेकीला सांगशील का? तिनं हातानं पाजून वाढवलेली कालवड व्याली म्हणावं.”

स्वारानं काठी सावरली. “सांगतो, मावशी.”

त्यानं जाऊन सांगितलं. ऐकून ती लहान मुलीसारखी हसली. मग तिला काठी दिसली.

“फार दुखतं?”

“चढाला. सपाटीला नाही.”

तिनं त्याला तांब्यातून पाणी दिलं, घोडीला घंगाळातून. दोघं प्याली आणि निघाली. वळणावर वावटळ आपणहून थांबली, मान वळवून मागे बघत राहिली. त्यानं तिला बघू दिलं. तोही बघत राहिला. मग तिच्या मानेवर थोपटून म्हणाला, “चल बाई. अजून दोन दारं राहिलीत.”

तेव्हा लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: गेलेलं सगळं एकदम परत मागू नये, हाताशी उरली आहे ती मूठ आधी उचलावी.