पहिलं दीड मिनिट

"चाचा, ऐकून एवढंच सांगा… आवाज अण्णांचाच आहे ना?"

दस्तगीरचाचा बशीतला चहा फुंकत होते, आणि चहा संपेपर्यंत कुणाला उत्तर द्यायचं नाही हा त्यांचा जुना शिरस्ता होता.

चाचा मिरजेचे. त्र्याऐंशी वर्षांचे. जन्मभर तंबोरे केले. त्यांच्या दुकानात माणूस तंबोरा दुरुस्त करायला म्हणून जायचा आणि पुष्कळदा स्वतःच दुरुस्त होऊन परत यायचा.

आज मात्र त्यांना गाडी पाठवून सांगलीला आणलं होतं. आणणारा हेरंब गुळवणी. वय बावन्न, कुपवाडला स्वतःचा कारखाना, साठ माणसं हाताखाली. वडील गेल्यावर लहानपणी दोन वर्षं तो शाळा सुटली की चाचांच्या दुकानात तारा गुंडाळत बसायचा. "माझा कान चाचांनी तयार केला," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. गुरूला घरी बोलावून परीक्षा घ्यायला लावणारा शिष्य तसा विरळाच. पण हेरंबला परीक्षेची भीती नव्हती. आपण पहिले येणार, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

चाचांनी बशी खाली ठेवली. समोरच्या काळ्या डब्यांकडे पाहिलं.

"हे काय करतंय?"

"हा प्रीॲम्प. आवाज लहानमोठा करतो. ताकद याच्यात नाही."

"आणि ते?"

"तो पॉवर ॲम्प. ताकद फक्त त्याच्यात. डाव्या स्पीकरला हा, उजव्याला तो. मागच्या स्पीकरांना खालचा."

"आधी काय होतं?"

"आधी सगळं एकाच डब्यात होतं. रिसीव्हर म्हणतात त्याला. पण एका डब्यात सगळं कोंबलं की आवाज गुदमरतो, चाचा. म्हणून एकेक वेगळा काढला."

"वाटण्या केल्यास म्हण."

चहाचे कप उचलायला आलेली शैला, हेरंबची बायको, खुदकन हसली. "चाचा, ही खोली सिनेमा बघायला म्हणून बांधली होती. सहा वर्षांत इथे एक सिनेमा लागलेला नाही. आम्ही खाली बसून मोबाइलवर बघतो."

"शैला…"

"जाते," ती म्हणाली, पण गेली नाही.

हेरंबला राग आला नाही. यंत्रांविषयी कुणी थट्टा केली की त्याला आता दया यायची, इतका तो पुढे गेला होता. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात असा सेट दुसरा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तो हे सगळं हौसेसाठी करत नव्हता, हेही ठाऊक होतं.

त्याचे वडील दत्तोपंत गुळवणी मिरजेच्या एका शाळेत गाणं शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, घरात ते अण्णा. ते गेले तेव्हा हेरंब नऊ वर्षांचा होता. त्यांचा करडा कोट त्याला आठवत होता, पेटीवरची त्यांची बोटं आठवत होती. आवाज तेवढा आठवत नव्हता. चाळिशी उलटल्यावर एक दिवस ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि त्याला ती फार लागली. बापाचा आवाज विसरणारा मुलगा म्हणजे काय मुलगा, असं त्याला वाटायचं.

मग सहा वर्षांपूर्वी एका वकिलाच्या घरातून एक जुनी टेप निघाली. वकिलांच्या दिवाणखान्यात मास्तर गायले होते, त्याची. त्या बैठकीनंतर दोन महिन्यांनी मास्तर गेले. त्यांचं दुसरं काही कुठे उरलेलं नव्हतं. त्या बैठकीला हजर असलेल्यांपैकीही आता चाचा तेवढे उरले होते. त्या दिवशी मास्तरांच्या मागे तंबोऱ्यावर तेच बसले होते.

हेरंबने चाचांना हाताला धरून खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर तिची जागा मापून ठरवलेली होती, पायांखाली जमिनीवर खुणासुद्धा होत्या. त्या खुर्चीत आजवर हेरंबशिवाय कुणी बसलं नव्हतं.

त्याने रिमोट दाबला.

आधी तंबोरा आला, मधूनच बारीक चिरचिरत. मग कुणीतरी सतरंजीवर सरकून बसलं. मग एक पुरुषी आवाज षड्जावर येऊन ठेपला, जरा थांबला, आणि सावकाश वर निघाला…

हेरंबने बंद केलं.

चाचांनी मान वळवून डावा कान पुढे केला. "पुन्हा लाव."

पुन्हा तंबोरा, पुन्हा सतरंजी, पुन्हा षड्ज. पुन्हा तिथेच बंद.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा बंद झालं तेव्हा चाचा म्हणाले, "आणि पुढं?"

"पुढे काय?"

"पुढचं लाव की."

हेरंब जरा चाचरला. "पुढचं… मी ऐकलेलं नाही."

शैला दारात होती तिथेच थबकली. सहा वर्षं दाराआड चालणाऱ्या या उद्योगातली ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती.

"किती आहे सगळं?" चाचांनी विचारलं.

"एक्कावन्न मिनिटं."

"त्यातलं तू किती ऐकलंस?"

"दीड मिनिट. पण ते हजार वेळा ऐकलंय, चाचा. प्रत्येक वायर बदलली की ऐकलंय. त्या दीड मिनिटातला श्वासन् श्वास मला पाठ आहे."

हेरंबला मग सगळं सांगणं भाग पडलं.

"ठरवलंच आहे मी तसं. आवाज साफ झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. अण्णांना इतक्या वर्षांनी ऐकायचं तर ते पहिल्यांदा नीटच ऐकायचं. तिथीच्या दिवशी, आंघोळ करून, सगळं एका बैठकीत."

"कुठल्या तिथीला?"

"यंदाच्या."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी हे दोन ॲम्प आले नव्हते."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

हेरंबने रिमोट या हातातून त्या हातात घेतला.

"तुम्ही फक्त आवाज ओळखा," तो म्हणाला. त्याचा स्वर आता कारखान्यातला राहिला नव्हता. "हा त्यांचाच, असाच होता, एवढं सांगा. तुमच्याशिवाय सांगणारं कुणी नाही."

"बेटा, माझा उजवा कान चार वर्षांपूर्वीच गेला. डावा आहे अर्धामुर्धा." चाचांनी कानाची पाळी चिमटीत धरून दाखवली. "टेप मिळाली तेव्हाच बोलावलं असतंस, तर दोन्ही कानांनी सांगितलं असतं."

मिरज ते सांगली अंतर ते केवढं! सहा वर्षांत हेरंबने या यंत्रांपायी पुण्याच्या दुकानाला बावीस खेपा घातल्या होत्या. कामानिमित्त मिरजेत चाचांच्या दारावरूनही गेला असेल, पण थांबला नव्हता. आवाज साफ झाला की त्यांना बोलवायचं, असं त्याने ठरवलं होतं.

तरी त्याने शेवटचं विचारून पाहिलं. "ती चिरचिर तरी ऐकू आली का तुम्हाला?"

"खर्जाच्या तारेवरची?"

"तीच!" हेरंब जवळजवळ ओरडलाच. "तीच, चाचा! तिच्यापायी तर हे सगळं. आधी मला वाटलं रिसीव्हरमधून येते, म्हणून रिसीव्हर काढला. मग वाटलं वायरींमधून येते. मग विजेच्या लाइनमधून. सगळं बदललं. आणि गंमत बघा, जितकं चांगलं यंत्र आणावं तितकी ती जास्तच ठळक होते."

"होणारच."

"होणारच म्हणजे?"

"ती माझी आहे."

हेरंबला काहीच उमगेना.

"तंबोरा माझ्या हातचा," चाचा म्हणाले. "तुला ठाऊक आहे जवारीचं काम. तारा टेकतात ती घोडी घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं. पुन्हा घासायची, तार गुंजेपर्यंत. तीन तारा बोलत्या झाल्या होत्या. खर्जाची अडून बसली होती, नुसती चिरचिर करत होती. संध्याकाळी मास्तर तंबोरा न्यायला आले. मी म्हटलं, मास्तर, दोन दिवस द्या. असलं काम माझ्या दुकानाची पायरी उतरणार नाही. माझं नाव जाईल."

"मग?"

"मास्तर म्हणाले, दस्तगीर, बैठक आज आहे."

चाचांनी काखेत काही धरल्यासारखा हात दुमडला.

"तंबोरा काखोटीला मारला आणि चालू लागले. मला लाज वाटली म्हणून मी मागोमाग गेलो. म्हटलं, छेडायला मीच बसतो. चिरचिरली की बोटानं दाबून धरतो, कुणाला कळणार नाही."

"दाबलीत?"

"पाच मिनिटं दाबली, पण दाबण्याआधी चिरचिरायचीच. मग विसरलो."

"पण अर्ध्यामुर्ध्या कानाने ती तुम्हाला ऐकू कशी आली?"

"स्वतःची चूक बहिऱ्यालाही ऐकू येते, बेटा."

हेरंब भिंतीला टेकला. काळ्या डब्यांवरचे निळे दिवे आपले शांतपणे लुकलुकत होते. त्यांच्याकडे बघून त्याला हसूही येईना आणि रडूही येईना. सहा वर्षं ज्या दोषाचा त्याने यंत्रायंत्रांतून पाठलाग केला, तो दोष यंत्रांनी इमानेइतबारे, होता तसा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला होता. बिचाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

"म्हणजे आता काही बदलायचं राहिलं नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"म्हणजे आता ऐकायचंच."



मग हेरंब ते बोलला. शैलाशी कधी बोलला नव्हता, स्वतःशीही नाही. "चाचा, मला भीती वाटते. एक्कावन्न मिनिटं आहेत. ऐकली की संपली. आत्ता कसं… अजून त्यांचं काहीतरी यायचं आहे असं वाटतं. सगळं ऐकून झालं आणि तरी ते मला आठवले नाहीत, तर मी काय करू?"

शैलाने कप खाली ठेवले.

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन चाचा उठले. सावकाश चालत डाव्या स्पीकरपाशी गेले, त्याला वळसा घालून मागे गेले, आणि भिंत आणि स्पीकर यांच्यामधल्या सांदीत, वायरींच्या गुंत्याशेजारी, खाली जमिनीवर मांडी घालून बसले.

"चाचा, तिथे नको!" हेरंब धावला. "तिथे काही नीट ऐकू येत नाही. आवाज सगळा पुढे जातो. खुर्चीत बसा, ती जागा मापून—"

"मी इथंच बसलो होतो."

"कुठे?"

"मास्तरांच्या मागं."

त्यांनी उजवा हात वर करून हवेत धरला, तंबोऱ्याच्या उंचीवर. डाव्या हाताने शेजारची जमीन थोपटली.

हेरंबही वाकून त्या सांदीत शिरला. इथून स्पीकरची नुसती पाठ दिसत होती. धूळ होती. एवढ्या मोलाच्या यंत्रामागे आपण कधी झाडलंसुद्धा नाही, असं उगाच त्याच्या मनात आलं.

शैला दाराच्या उंबऱ्यावरच बसली.

त्याने रिमोट दाबला.

तंबोरा. सतरंजी. षड्ज. चाचांची बोटं हवेतल्या तारांवरून फिरू लागली. आवाज इथे बोदा येत होता, पाठमोरा, कुणी आपल्याकडे पाठ करून गावं तसा. दीड मिनिटाची ती जागा आली. हेरंबचा अंगठा सवयीने बटणावर गेला…

चाचांची बोटं थांबली नाहीत.

जागा गेली. पुढचा प्रत्येक सूर आता हेरंबला अनोळखी होता. कुणीतरी दाद दिली. कुणीतरी पानाचा डबा सरकवला. चिरचिर होतीच, मग ती कधी ऐकू येईनाशी झाली ते त्याला कळलं नाही. आवाज चढत गेला. चांगला होता, भरदार होता, पण कुणाचाही असू शकला असता. हेरंब कान देऊन बसला होता आणि काहीच आठवत नव्हतं. आपण विसरलो ते विसरलोच, असं त्याने मनातल्या मनात मान्य करून टाकलं.

आणि वर जाता जाता एका जागी तो आवाज फाटला.

गाणं थांबलं. खाकरल्याचा आवाज आला. एकदा आखूड, एकदा लांब. मग "हं," असा बारीकसा हुंकार, स्वतःलाच समजावल्यासारखा.

हेरंब ताठ झाला.

पाढे चुकले की असाच हुंकार यायचा. तो पाटीवर डोकं घालून बसलेला असायचा आणि पाठीमागून यायचा, एकदा आखूड खाकरणं, एकदा लांब, मग "हं". मग करड्या कोटाची बाही खांद्यावरून पुढे यायची आणि चुकलेला आकडा अंगठ्याने पुसायची. रागावणं नाही, काही नाही. पुन्हा लिही, एवढंच.

टेपवर आवाज पुन्हा त्याच जागेवरून उठला.

हेरंबचे डोळे वाहत होते. त्याने चाचांचा गुडघा घट्ट धरला.

"चाचा," तो म्हणाला, "हा… हा आवाज…"

चाचांनी मान वळवली नाही. हवेतली बोटं तशीच लयीत चालली होती.

"गप बस. मास्तर गातायत."