घोयऱ्याची गांधीलमाशी

"गांधीलमाशी दिली तर तो खाईल का, बाबा?"

लतीफबाबांनी वर पाहिलं नाही. ते गोधडीला टाके घालत होते.

बाबांच्या तकियाजवळच्या, म्हणजे फकिरी मठाजवळच्या, सीताफळीवर घोयरा बसला होता. रंग बदलणारा, गोल डोळ्यांचा सरडा. मागचा पाय मोडलेला सापडला म्हणून बाबांनी त्याला आणलं होतं. तेव्हापासून बाबांचा चेला मार्तंड त्याला रोज नाकतोडे भरवायचा.

"खाऊन काय होईल, ते तुला ठाऊक आहे?"

"जनावराला विष उपजत कळतं. गावात मी तसं सांगितलंय सगळ्यांना."

"मग त्यालाच विचार."

मार्तंडनं गांधीलमाशी पकडली. चिमट्यात धरून घोयऱ्याच्या अगदी तोंडाशी नेली.

जीभ सपकन आली. माशी तोंडात गेली.

...आणि घोयऱ्याचा जबडा उघडाच राहिला.

अंग काळं पडलं. ओठ सुजला. फांदीवरची पकड सुटू लागली.

"बाबा! मरतोय हो हा!"

बाबांनी सुई बाजूला ठेवली. ओंजळभर पाणी आणून दिलं.

मार्तंड दोन दिवस झाडाखालून हलला नाही. पानावरून थेंब थेंब पाणी पाजत राहिला. कुणी काही विचारायला आलं, तर मान खाली घालायचा.

तिसऱ्या दिवशी घोयरा हिरवा झाला. चौथ्या दिवशी मार्तंड हसला.

दुपारी पिकलेल्या सीताफळावर एक गांधीलमाशी येऊन बसली.

मार्तंड तिला हाकलायला उठला. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"बाबा, पुन्हा खाईल तो!"

"बस खाली."

घोयऱ्यानं एक डोळा माशीकडे वळवला. मग दुसराही. एक पाऊल टाकलं. थांबला. डुलला. आणखी एक पाऊल...



माशी वळली. तिचं डोकं समोर आलं, नांगी मागे गेली.

जीभ सुटली. घोयरा चावला, पुन्हा चावला, बराच वेळ चावत राहिला. मग गिळून डोळे मिटून बसला.

हिरवागार.

मार्तंड कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. अंग काळं पडायची वाट बघत. पडलं नाही.

"तीच जात, तेवढंच विष," तो हळूच म्हणाला. "मग या वेळी काहीच कसं झालं नाही, बाबा?"

बाबांनी सुईत दोरा ओवला.

"ती तू दिली होतीस. ही त्यानं घेतली."