पायाळू नसलेली ठकूबाई

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या पणजीची पणजी दुडूदुडू पळत होती त्या काळी, डोंगराच्या कुशीत खडकवळण नावाचं पाथरवटांचं गाव होतं. दिवसभर तिथं छिन्नी-हातोड्यांचा असा ठणठणाट, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. अशाच एका भर दुपारी मैनाबाई बाळंत होत होती. तिचा नवरा रामजी धुळीनं माखलेला तसाच दारात आला. सुईण आतून ओरडली, "लेक झाली! पाय आधी धुऊन या!" त्याला ऐकू आलं एवढंच, "लेक झाली! पाय आधी..."

झालं! रामजी गावभर नाचत सुटला, "लेक झाली! पायाळू झाली!"

आता पायाळू म्हणजे काय, ते लहानग्यांसाठी सांगते. जे मूल पायाकडून जन्मतं ते पायाळू. त्याचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण पळते, असं म्हणतात. आणि दगड उचलणाऱ्यांच्या गावात उसणीला काय तोटा? लेकीचं नाव ठेवलं ठकू, आणि ती पाळण्यातून उतरायच्या आत दाराशी रांग लागली. माणसं कण्हत यायची, पालथी पडायची, तिचा इवलासा पाय पाठीला तीनदा लावून घ्यायची आणि चार दिवसांनी बरी व्हायची. चार दिवसांनी उसण आपोआपही जाते म्हणा, पण बोलायचं कुणी? सुईण परगावची, ती आपल्या वाटेनं गेली; गावात खरं ठाऊक होतं एकट्या मैनाबाईला. नवऱ्याचा फुललेला चेहरा बघून तिची जीभच उचलेना.

ठकू मोठी झाली, गावातच नांदायला गेली. आपला पाय म्हणजे देवाचं देणं, असं तीही धरून चालली. आणि एके सकाळी जात्याची भली थोरली तळी उचलताना रामजीच्या कमरेत कळ आली, तो आडवाच झाला. ठकू धावत आली. पाय लावला. तीनदा, सातदा, एकवीसदा लावला. छे! महिना गेला, रामजीला कूस पालटवेना. वैदू म्हणाला, "हा आता उठायचा नाही."

ठकू चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. "बापालाच माझा गुण येईना, आई! काय पाप केलं मी?"

मैनाबाईला राहवेना. "पाप माझं, बाई. तू पायाळू नाहीस. चारचौघींसारखी डोक्याकडूनच आलीस तू."

ठकूला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नाव ठकू, आणि अख्खं गाव ठकवलं! पण बाप आत कण्हत होता. ती उठली, त्याच्यापाशी बसली.

"आबा, मी पायाळू नाही. कुठं दुखतं ते सांगा."

रामजी बघतच राहिला. इतक्या वर्षांत तिनं कुणालाच हे विचारलं नव्हतं. पाय लावायला विचारायचं कशाला?

"काय सांगू, पोरी," तो म्हणाला. "सगळा दगड झालाय."

घाव घालायच्या आधी पाथरवट दगडावरून तळवा फिरवतो, त्याची शीर शोधतो. ठकूनं लहानपणापासून बापाचे हात बघितले होते. तिनं करंजाचं तेल कोमट केलं, डोळे मिटले आणि तसाच तळवा बापाच्या पाठीवरून फिरवू लागली. ठकू बापाची पाठ चाचपायला बसलीय, अशी गावात बातमी गेली, तशा एकेक करून छिन्न्या थांबल्या. असं म्हणतात, त्या दिवशी खडकवळणात पहिल्यांदा पाखरं ऐकू आली.

हात फिरता फिरता ठकूला भूल पडली. बापाच्या पाठीखाली तिला पाणी दिसू लागलं, निळं, गार, मणक्यांच्या पायऱ्या उतरत जाणारं. ती काठाकाठानं चालत राहिली. कुणी म्हणतात सात दिवस, कुणी म्हणतात एकवीस. एका वळणावर पाणी अडलं होतं. तिथं तिनं अंगठा टेकवला. रामजी कळवळला की थांबायची, त्याचा श्वास सुटला की पुन्हा दाबायची. आणि पाणी वाहिलं! रामजी कुशीवर वळला. असं म्हणतात, ठकूच्या तळहातावर तेव्हा एक काळा गुळगुळीत खडा आला. मी काही तो पाहिला नाही, हो.

रामजी आपल्या पायांनी अंगणात आला, त्या दिवशी ठकू चावडीवर गेली आणि खरं ते सांगून मोकळी झाली. लोक कुजबुजले, दोघं-चौघं चिडलेही. मग एक म्हातारा पुढं आला नि म्हणाला, "ते राहू दे, बाई. माझा खांदा बघ."

पुढं जन्मभर ती लोकांची अंगं चोळत राहिली. आजही त्या गावात कुणी कुणाचं अंग चोळायला बसलं, मग ती सून असो, लेक असो, नाहीतर खराखुरा पायाळू असो, हातावर तेल घेऊन आधी म्हणतात, "मी पायाळू नाही. कुठं दुखतं ते सांगा." आणि समोरच्याचं सांगून होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत.