नरहरपंतांचे दोन निवडुंग

माळावरच्या एका गावात नरहरपंत नावाचे झाडापाल्याचे जाणकार राहत होते. कोणतंही झाड दाखवा, नाव तयार. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून गावानं कधी ऐकलं नव्हतं.

एका वर्षी पावसानं दडी मारली. चारा संपला. गावामागच्या टेकडीवर तेवढे निवडुंग हिरवे राहिले होते, खांबासारखे सरळ, पुरुषभर उंच. त्यांत दोन जाती होत्या. एक पाणीदार, काटे जाळले की गुरं आवडीनं खात. दुसरी विषारी. आणि दिसायला दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या! पाटलांनी दवंडी पिटवली, "पंत दाखवतील तोच निवडुंग तोडायचा."

ठकूबाईकडे एकच पाडी होती, तीही उपाशी. ती पंतांच्या दारात गेली. "पंत, काटा टोचून बघा की. पांढरा चीक आला तर विखारी, पाणी आलं तर गुरांचं. आमची म्हातारी असंच बघायची."

पंतांना राग आला. "टोचूनच ओळखायचं, तर मी विद्या कशाला शिकलो?"

आता या माणसाला काय म्हणावं! झाड समोर, काटा झाडालाच; पण जवळ जाऊन बघणं पंतांना कमीपणाचं वाटलं. पहिल्या दिवशी त्यांनी टेकडीखालच्या बांधावरूनच खांबांच्या उभ्या कडा मोजल्या. दोन्हींना पाच. दुसऱ्या दिवशी गड्याकडून काटे मागवून मापले. सारखेच. संध्याकाळी म्हणाले, "फूल आलं की खात्रीनं सांगेन." फूल! गोठ्यात गुरं माना टाकून पडलेली, आणि हे फुलाची वाट बघणार.

तिसऱ्या दिवशी सगळा गाव टेकडीवर जमला. आता काहीतरी बोलणं भाग होतं. पंतांनी घाईघाईनं एका रांगेकडे बोट केलं. "ही खाण्याची."

"मग पहिला मान तुमचा," पाटील म्हणाले. "पहिला तुकडा तुमच्या कपिलेला घालू."

पंतांचा चेहरा उतरला. कपिला त्यांची लाडकी गाय. ते पुढे झाले, एक काटा मोडला आणि खोडात टोचला. पांढराशुभ्र चीक ओघळला.

"मला माहीत नव्हतं," पंत हळूच म्हणाले.

मग काय, जो तो काटा घेऊन टोचत सुटला. दुपारपर्यंत चांगली झाडं वेगळी निघाली आणि गावभर काटे जाळल्याचा धूर झाला. पंत स्वतः एक भारा डोक्यावर घेऊन ठकूबाईच्या गोठ्यावर गेले. ठकूबाई रिकामं दावं हातात घेऊन बसली होती.

"परत न्या, पंत," ती म्हणाली. "पाडी सकाळीच गेली. 'माहीत नाही' हे परवाच म्हणाला असतात, तर खाल्लं असतं तिनं."

तात्पर्य: माहीत नसेल तर वेळेवर तसं सांगावं आणि जवळ जाऊन बघावं, आपला मान राखण्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावू नये.