देवाचं कुंड, गुरांचं कुंड

"...मग माझं शिकायचं अजून काय राहिलंय, ते तरी सांगा, माय!"

मठाच्या प्रमुख सगुणामाय ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

श्रीपती हा डोंगरावरच्या त्या मठातला सगळ्यांत हुशार शिष्य. एकदा कानावर पडलेलं त्याच्या डोक्यातून जात नसे. घाटाखालच्या मठाने त्याला गादीवर बसायला बोलावलं होतं. मायचा होकार तेवढा यायचा होता, आणि तो काही येत नव्हता.

"माझ्या डोक्यातून काही निसटत नाही," तो म्हणाला. "हे तर तुम्हीच चारचौघांत सांगता."

"सांगते खरी..."

"मग अडतंय कुठे?"

"भिवा कसा आहे रे?"

श्रीपतीच्या कपाळावर आठी चढली.

खालच्या वाडीतला भिवा मठाच्या डिझेल इंजिनावर कामाला होता. पावसाळा सरता सरता एकदा त्याच्या हातून तोटी उघडी राहिली आणि पिंपातलं डिझेल उतारावरून मठाच्या दोन्ही कुंडांत गेलं. देवाच्या आणि गुरांच्याही. खालची वाडी देवाच्या कुंडावर पाणी भरायची. बाया हंडे घेऊन आल्या, नाकाला पदर लावून रिकाम्या परतल्या. श्रीपतीने भिवाला सगळ्यांदेखत मठाबाहेर काढलं. भिवा रडत पाया पडायला वाकला, तर याने पाय मागे घेतला.

"कसा असेल ते मला काय ठाऊक?" श्रीपती म्हणाला. "पण त्याने केलं ते मी विसरलेलो नाही. तेव्हा कोण कुठे उभं होतं, तो काय काय बोलला, शब्दन् शब्द सांगतो."

"नको सांगू. चल."

शेंगांची सुपली बाजूला सारून माय उठल्या.

देवाच्या कुंडात दोऱ्यांना नायलॉनच्या धाग्यांचे झुबके टांगलेले होते. तालुक्याच्या कॉलेजातल्या एक बाई येऊन दोन्ही कुंडांत टांगून गेल्या होत्या. असा धागा पाण्यातलं तेल धरतो, असं त्यांनी सांगितलं. पुढेही बरंच काही सांगत होत्या, पण श्रीपती तोवर पाठाला निघून गेला होता.

या कुंडाची देखरेख त्याच्याकडे. झुबक्यांवर बुळबुळीत थर धरू लागला की तो ते काढायचा, कढत पाण्यात साबणाने घासायचा आणि लख्ख करून पुन्हा टांगायचा. देवाच्या पाण्यात ती घाण कशी चालेल?

"काढ एक," माय म्हणाल्या. "वास घे."

त्याने झुबका नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. डिझेल. पाण्यावर रंगीत तवंग तसाच पसरलेला होता.

"बाईंचा धागा कुचकामी निघाला, माय."

"धागा धरतो. भरला की थांबतो. त्याचं काम तेवढंच."

माय खाली गुरांच्या कुंडाकडे निघाल्या. तिकडे श्रीपती कधी फिरकला नव्हता.

एक गाय पाण्यात तोंड बुडवून सावकाश पीत होती. पलीकडच्या पायरीवर वाडीतली एक बाई हंडा भरत होती. श्रीपती जागीच थबकला.

"हे पाणी...?"

"कॉलेजातून तपासून आलंय. आता वाडी इथूनच नेते, उकळून पिते. झुबका काढ."

झुबका शेंबडासारख्या तपकिरी थराने माखला होता. श्रीपतीने तो हातभर लांब धरला.

"वास घे."

त्याने डोळे मिटून घेतला. मग पुन्हा घेतला.

ओल्या मातीचा वास येत होता.

"डिझेल कुठे गेलं?"

"खाल्लं."

"कोणी?"

"ह्यात जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत. धागा तेल धरतो, त्यावर हे येऊन बसतात. तेल आपल्या अंगात घेतात. पण ठेवून घेत नाहीत, खाऊन संपवतात. बाई हेच तर सांगत होत्या..."

श्रीपती हातातल्या झुबक्याकडे बघत राहिला.

"आणि मी त्यांना घासून घासून..."

गाय पाणी पिऊन निघून गेली.

"भिवाने एकदा चूक केली," तो हळूच म्हणाला. "माझी तर रोज चालली होती. आणि मला वाटत होतं, मी पाणी स्वच्छ करतोय."

माय वाकून पायरीवरची पानं वेचू लागल्या.

"माय, मला काहीतरी बोला. रागवा."

"भिवाला बोललास, तसं?"

श्रीपती वाकला. तिथेच पायरीवर त्याने मायच्या पावलांवर डोकं टेकलं.

मायने पाय मागे घेतला नाही.

मग त्या म्हणाल्या, "उठ. तो झुबका वर नेऊन टांग."

"देवाच्या कुंडात?"

"मग कुठे?"

श्रीपतीने तो माखलेला झुबका छातीशी धरला. त्यावरचा थर निसटू नये म्हणून पायऱ्या जपून चढला. लख्ख झुबक्यांच्या मधोमध त्याने तो बांधला आणि हलक्या हाताने पाण्यात सोडला. त्याचा सदरा तपकिरी डागांनी भरला होता. त्याने तो झटकलासुद्धा नाही.

माय मागून आल्या तेव्हा तो वाडीच्या वाटेकडे बघत उभा होता.

"घाटाखालच्या मठाला नंतर कळवू," तो म्हणाला. "आधी भिवाकडे जाऊन येतो."

"ये जाऊन."

तो चार पावलं गेला आणि वळला.

"तो तोंडाला येईल ते बोलेल, माय. माझ्यासाठी त्याने बरंच राखून ठेवलं असेल..."

मायच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"मग ते खाऊन संपव. उपाशी परत येऊ नकोस."