आढ्याची ऊब

"मग शेगडी ठेवू, की गॅसची भट्टी, की सरळ विजेचा हीटरच आणू?"

भानुदासने पुन्हा विचारलं.

सोमगिरी बाबा धुनीसमोर बसले होते. त्यांनी एक लाकूड थोडं आत सारलं.

"बाबा, मी काय विचारतोय?"

"ऐकतोय."

ऐकत होते खरे. पण बाबांचं ऐकणं असं, की बोलणाऱ्यालाच आपण भिंतीशी बोलतोय की काय, असं वाटावं.

उंबरझऱ्याचा हा मठ सातपुड्याच्या माथ्यावर. पौषात तिथे गवतावरचं दंव गोठतं आणि सकाळी बादलीतलं पाणी हाताला चावतं. मठात वीणा होतात. कीर्तनात वीणेकरी गळ्यात घालून उभा राहतो, ती वीणा. बाबांच्या हातची वीणा न्यायला माणसं एवढा डोंगर चढून येतात.

वीणेचा सगळा जीव एका सांध्यात असतो. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते, ती सरसाने चिकटून. सरस गरम आहे तोवर पातळ, गार झाला की गोळा. त्या थंडीत भानुदासचा सरस कुंचल्यातून भोपळ्यावर येईपर्यंतच आळायचा. दोन वीणा त्याने सांधल्या. दोन्ही उकलल्या.

दोष कुणाचा? थंडीचा. भानुदासचा कसा असेल? तो साखर कारखान्यात बॉयलर सांभाळून आलेला. त्याला ऊब शिकवायची म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवण्यातलाच प्रकार.

"शेगडी स्वस्त, पण धूर," तो बोटांवर मोजत सांगू लागला. "हीटर बरा, पण इथली वीज म्हणजे लहरी जावई, आली तर आली. गॅसचं सिलिंडर डोंगरावर कोण चढवणार? तुम्ही फक्त हो म्हणा, बाबा. मी सगळी खोली अशी तापवतो, की पौषात वैशाख होईल."

बाबांनी आणखी एक लाकूड आत सारलं.

"थंडी कुणाला वाजते?"

"कुणाला म्हणजे? खोली गार आहे ना."

"बघून ये."

भानुदास उठला, वीणा करायच्या खोलीत जाऊन आला. मठामागची लांबट खोली, वर पत्रा, पत्र्याखाली वासे. वाशांना वर्षानुवर्षं सुकत टांगलेले भोपळे. त्याने भिंतीला हात लावला, जमिनीला लावला.

"बघितलं. खोलीच गार आहे."

"हं," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

भानुदासने हा होकार समजला. शिष्याला हवा असला की गुरूच्या 'हं'मध्ये होकार ऐकू येतोच.

त्याला घाईही होती. वाशांवरच्या भोपळ्यांत एक त्याचा होता, तोंड कापून तयार ठेवलेला. त्याच्या वडिलांनी, आबांनी, परसातल्या वेलावर वाढवलेला.

आबा गावचे वीणेकरी. त्यांची वीणा जुनी, ठिगळं लावलेली. थोरल्या भावाच्या लग्नात, भर मांडवात, भानुदास हसत म्हणाला होता, "आबा, तुमच्या वीणेला भोपळा आहे की तेलाचा डबा?" लोक हसले. आबांनी वीणा खाली ठेवली. भाऊ अंगावर धावून आला, आणि शब्दाला शब्द वाढत गेला. "माझ्या हातची वीणा घेऊनच या घरात पाय ठेवीन," असं म्हणून भानुदास निघाला, तो थेट या डोंगरावर.

आबांनी निरोप धाडला नाही. भोपळा धाडला. आणून देणारा माणूस सांगत होता, म्हातारा अंगावरचं उपरणं भोपळ्याला गुंडाळून एसटीपर्यंत चालत आला होता. वेल आता वाळला होता. दुसरा भोपळा येणार नव्हता.

हा भोपळा गेला तर घरची वाट गेली, हे भानुदासला नीट ठाऊक होतं. म्हणून तर सांधा करायचा, तो उबदार खोलीतच.

त्याने लोखंडी पिंप आणलं. त्याला दार कापलं, वर धुराडं जोडून ते पत्र्याबाहेर काढलं. खिडकीच्या फटी गोणपाटाने बुजवल्या. काम सुरेख झालं होतं, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिंपात लाकडं भरली आणि पेटवली.

पिंप लाल झालं. पत्रा तडतडू लागला.

भानुदास पाटावर सरस कालवत बसला. पाय गार. कंबर गार. बोटं... बोटं अजून लाकडाचीच. त्याने आणखी लाकडं घातली. तोंड भाजू लागलं, पाठ मात्र कुडकुडत होती.

"होईल," तो स्वतःशी म्हणाला, "खोली मोठी आहे. जरा दम धरावा."

आणखी लाकडं.

तेवढ्यात डोक्यावर आवाज झाला.

टक्.

भानुदासने वर पाहिलं. मधल्या वाशावरचा बाबांचा जुना, मोठा भोपळा देठापासून बुडापर्यंत उभा तडकला होता.

त्याने शिडी ओढून लावली. तो शिडीवर चढला आणि चढताचढता त्याला कळलं. खाली पौष होता, पण वर वैशाख होता. आढ्याशी हात धरवत नव्हता. आबांचा भोपळा बाजूच्याच वाशाला होता. त्याने तो सोडवला, छातीशी धरला आणि खाली उतरून जमिनीवरच बसला. भोपळा ताप भरलेल्या पोरासारखा कढत होता.

त्याने बोटाच्या पेराने टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली.

आवाज भरीव आला. भोपळा सलामत होता.

भानुदासला रडू कोसळलं. चांगला बाप्या माणूस, पण रडला.

दारात बाबा उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"बाबा... तुमचा भोपळा..."

बाबांनी वर पाहिलं. तडकलेल्या भोपळ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"त्याला भिक्षापात्र व्हायचं असेल. बरेच दिवस वीणा व्हायला टाळत होता."

भानुदासला हसूही येईना.

बाबा त्याच्यासमोर बसले.

"थंडी कुणाला वाजत होती?"

भानुदासने आपल्या हातांकडे पाहिलं...

"मला. बोटांना."

"आणि ऊब कुणाला दिलीस?"

भानुदासची नजर आढ्याकडे गेली.

बाबा उठले. त्यांनी पिंपाचं दार लावून टाकलं आणि खिडकीतलं गोणपाट ओढून काढलं. गार वारा भस्सकन आत आला.

"अहो बाबा! खिडकी?"

बाबा बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मातीचं बुटकं बोळकं होतं, त्यात धुनीतले चार निखारे. ते त्यांनी भानुदासच्या पाटापुढे ठेवलं. निखाऱ्यांवर पाण्याचं पातेलं, पातेल्यात सरसाची वाटी. मग स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून भानुदासच्या खांद्यांवरून पुढे अशी ओढली, की तो, त्याची मांडी, मांडीतला भोपळा आणि ते बोळकं सगळं एका घोंगडीत आलं. डोकं तेवढं बाहेर.

"एवढ्याशा निखाऱ्यांवर?" भानुदास म्हणाला.

बाबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि पातेल्याच्या कडेशी टेकवले.

पातेल्यातून वाफ येऊ लागली.

हळूहळू बोटं हलू लागली. घोंगडीत भोपळा आणि तबली माणसाच्या अंगाइतकेच कोमट झाले. भानुदासने कुंचला बुडवला. सरस तेलासारखा पसरला. त्याने तबली बसवली, दाबली, सुतळीचे वेढे दिले. बाबांनी गाठीवर बोट ठेवलं, त्याने गाठ मारली.

"झालं," भानुदास पुटपुटला. मग त्याला राहवेना. "पण बाबा, खोली तर तशीच गार राहिली."

"राहू दे. तिला कुठे वीणा करायची आहे?"

पुढे सांधा निवांत वाळला. दांडी चढली, खुंट्या बसल्या. सुतळी तर केव्हाच सुटली होती. भानुदासने सांध्यावरून अंगठा फिरवला, तर तबली कुठे संपते आणि भोपळा कुठे सुरू होतो, ते अंगठ्याला सापडेना. त्याने तारा चढवल्या आणि एक छेडली. मठाच्या ओट्यावर दाणे टिपणारे पारवे जागीच थांबले.

बाबांनी मान डोलवली. त्यांच्या मठात याहून मोठी शाबासकी नव्हती.

"ने आता," ते म्हणाले.

भानुदासने वीणा मांडीवर घेतली, पण उठला नाही.

"नेतो... पण लगेच नको. तिकडं सगळंच बिनसलंय, बाबा. दादा माझं नाव घेत नाही. वहिनीच्या माहेरचे रागावलेत. भावकी तर भर मांडवातलं ते बोलणं जन्मात विसरायची नाही. आधी मामांना मध्ये घालतो. मग दादाला निरोप धाडतो. चार माणसांकडून भावकीची समजूत काढतो. सगळ्या घराचा राग जरा निवला, की मग आबांसमोर..."

बाबांनी घोंगडी उचलली. वीणा तिच्यात नीट गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि भानुदासच्या खांद्याला अडकवली. मग त्याला हाताला धरून उठवलं आणि पायवाटेपर्यंत आणून सोडलं.

भानुदास पाया पडला. चार पावलं उतरला आणि थांबला.

"बाबा, घरात शिरल्यावर पहिलं बोलू कुणाशी?"

बाबा उघड्या अंगाने उभे होते. खालून वारा येत होता.

"आधी बघ... थंडी कुणाला वाजते."